पायी जाणाऱ्याच्या हाती

तो मेसेज मी तीन दिवस लिहीत होतो. मजकूर जेमतेम सहा ओळींचा. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळणार आहे, त्या निमित्तानं सातपुड्यातल्या, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी पैसे गोळा करतो आहे, जमेल तेवढी मदत करा. 'मदत करा'पाशी आलं की अंगठा थांबायचा. ते खोडून 'सहकार्य करावे' लिहायचो, मग तेही खोडायचो. त्याच तीन दिवसांत पहाटे उठून मी २२ किलोमीटर पळालो होतो आणि पाय जराही कुरकुरले नव्हते. शेहेचाळिसाव्या वर्षी पळायला शिकता येतं हे तोवर कळलं होतं. मागायला शिकता येतं का, ते कळायचं होतं.

मागण्याचं नाव काढलं की मला एक ओटा आठवतो. मी दहा वर्षांचा असेन. आप्पा धुळ्यात एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळा लागला की संपतो. जूनमध्ये शाळा उघडायच्या, तेव्हा आमच्या घरात पैसा नसायचा. त्या वर्षी आप्पांनी मला गावी एका नातेवाइकाकडे पाठवलं. दोनशे रुपये हवे होते. सकाळी नऊला मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. आत जेवणं झाली, भांडी घासल्याचा आवाज आला, कोणी तरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. दुपारी ते बाहेर आले आणि म्हणाले, "आप्पाला सांग, पुढल्या महिन्यात पाहू." रागावले नाहीत, टाकून बोलले नाहीत. त्यांच्याकडेही नसतील. पण ते चार तास माझ्या अंगात कायमचे बसले. घरी आल्यावर आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आता आपण कोणाच्या ओट्यावर बसायचं नाही." पुढे त्यांनी खरोखरच कोणापुढे हात पसरला नाही, आणि मीही नाही. माय शेजारून वाटीभर पीठ आणायची, तर संध्याकाळच्या आत ती वाटी शिगोशीग भरून परत जायची.

अशा घरात वाढलेल्या माणसानं सव्वा लाख रुपये मागायला निघावं, याचं कारण एक मुलगा आहे.

धुळ्यात माझी रक्त तपासणीची लहानशी लॅब आहे. एकोणीस वर्षं झाली. सिकलसेलची पहिली चाचणी अगदी साधी असते. परीक्षानळीत औषधाचं पाणी घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब सोडायचा, आणि नळीमागे काळ्या रेघा आखलेला कागद धरायचा. काही मिनिटं थांबायचं. नळीतून रेघा आरपार दिसल्या तर ठीक. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. मग तो माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, करून ठरवावं लागतं. वाहक म्हणजे आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून दोष आलेला, तो बहुधा आयुष्यभर धडधाकट असतो. रुग्ण म्हणजे दोघांकडून आलेला. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता ४ पैकी १.

तो मुलगा सातवीत होता. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, आश्रमशाळेत राहणारा. त्याच्या हातापायांच्या दुखण्याला आधी कोणी वाढीचं दुखणं म्हटलं होतं, कोणी थंडीचं. माझ्या नळीतल्या रेघा पुसल्या गेल्या. स्लाईडला रंग देऊन मी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गोल, मधे फिकट पेशींच्या गर्दीत दोन्ही टोकांना निमुळत्या, वाकलेल्या पेशी दिसत होत्या. सिकल म्हणजे विळा. आमच्याकडे इळा म्हणतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं येतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन, आणि एवढ्याशा अदलाबदलीनं अख्खी पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि त्या अडकण्याच्या कळा माणूस जन्मभर सोसतो. हा दोष जंगलपट्ट्यात टिकून राहिला, कारण वाहकांना त्यानं मलेरियापासून वाचवलं. पूर्वजांचा जीव वाचवणारी गोष्ट नातवंडांच्या हाडांत दुखत राहते, यावर मी अजूनही विचार करत बसतो.

इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट आला. मुलगा रुग्णच होता. आईला पावरी येत होती, मराठी नाही. मला पावरी येत नाही. तेव्हा मी मराठीत सांगत गेलो आणि त्या मुलानं स्वतःचा आजार स्वतःच आईला तिच्या भाषेत सांगितला. सरळ उभं राहून, शाळेत कविता म्हणावी तसा. आईनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. त्यानं तो मला मराठीत सांगितला: "किती वेळा यायला लागेल?"

या आजारावर हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आहे. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. पण ती चालू असताना ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली तर गेल्या नाहीत ना ते पाहायला. म्हणजे फेऱ्या आल्या. निघता निघता मी त्या मुलाला विचारलं, शाळेत खेळायला आवडतं का? तो म्हणाला, "सगळे मैदानात पळतात तेव्हा मी चपला सांभाळतो."

त्या भागात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेकडे मी चौकशी केली. त्यांनी एका फेरीचा हिशेब माझ्यापुढे ठेवला. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत जीप, पुढे एसटी, दोघांचं खाणं आणि आईची बुडालेली मजुरी मिळून सहाशे-सातशे रुपये. गोळी फुकट, गोळीपर्यंत पोचणं फुकट नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंतचं ध्येय आणि ७ कोटी लोकांची तपासणी, एवढा तिचा आवाका. मला तिचं मोल फार वाटतं. एवढ्या लोकांचं रक्त कोणी तपासायचं ठरवलं, हेच मोठं. पण तपासणीच्या कागदापासून महिन्याच्या गोळीपर्यंतचा रस्ता सातपुड्यातून जातो आणि तिथे एखादा महिना जीपच्या भाड्यावाचून चुकतो. मला त्या भाड्यापुरतं काही करायचं होतं.

शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. मी उलटं मोजत सप्टेंबरच्या मध्यावर आलो. १८ आठवडे, १२६ दिवस. आकडा कागदावर लिहिला आणि थबकलो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे ज्या रक्तानिशी मी सराव सुरू करणार होतो, त्यातली जवळजवळ एकही पेशी शर्यतीच्या सकाळी माझ्या अंगात नसणार. सगळं रक्त नवं. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच मरते. माझं रक्त एकदा पालटेल तेवढ्यात त्या मुलाचं सहा ते बारा वेळा पालटणार. त्याच्या हाडांतली मज्जा रात्रंदिवस पेशी घडवत राहते, तरी पुरत नाहीत. मी एका दिवसाचे हजार धरले आणि १,२६,००० चा संकल्प सोडला. बायको म्हणाली, "पळशील तू, ते मला माहितीये. मागशील का?"

धुळं पळायला चांगलं गाव आहे, हे मी अभिमानानं सांगतो. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला तेव्हा कॅप्टन ब्रिग्जनं इथली पेठ आखली. गल्ल्या सरळ दोरीत, आणि त्यांना नंबर. पहाटे साडेचारला गल्लीच्या या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा दिवा दिसतो. आठवड्यातले छोटे पल्ले मी गल्ल्यांमधून आणि पांझरेच्या काठानं, एकवीरा देवीच्या देवळावरून काढायचो. बुधवारी नकाणे तलाव. रविवारी लांबचा पल्ला. दक्षिणेला लळिंग किल्ला साधारण दहा किलोमीटर, उत्तरेला सोनगीर वीसेक. खायला काही विकत आणलं नाही. आदल्या रात्री कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ, पहाटे दोन केळी, कमरेच्या पट्ट्यात गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी. आमच्या सहा जणांच्या गटात मी वयानं सर्वांत मोठा. गटातल्या सगळ्यांचं रक्त मी हौसेनं तपासलं, तर एकजण वाहक निघाला. तो हादरला. त्याला समजावलं की पळणं सोडायचं नाही, उन्हात पाण्यावाचून स्वतःला ताणायचं नाही, आणि लग्न ठरेल तेव्हा मुलीचीही तपासणी करून घ्यायची. तो आता लोकांना तपासणीला घेऊन येतो.

नोव्हेंबरात मी स्वतःचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, केला. हिमोग्लोबिन १४.६ वरून १३.७ वर आलं होतं. माहीत असूनही पोटात खड्डा पडला. लांब पल्ल्याच्या सरावानं रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून आकडा खाली दिसतो. शिवाय पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा तळव्यातल्या थोड्या तांबड्या पेशी फुटतातही. लांब कूच करणाऱ्या सैनिकांमध्ये डॉक्टरांनी हे एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं. फुटलेल्या पेशींतलं लोह शरीर पुन्हा वापरतं, आणि मज्जा दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास नव्या पेशी सोडते. इतकी श्रीमंती अंगात घेऊन मी इतकी वर्षं फिरलो आणि एकदाही तिचा विचार केला नाही.

पळण्याचं सगळं असं सुरळीत होतं. पैशांचं नव्हतं. तो पहिला मेसेज शेवटी मी बायकोच्या हातानं पाठवून घेतला. महिनाभरात ७,३०० रुपये जमले, त्यातले निम्मे गटातल्याच मित्रांचे. भेटणाऱ्याशी मी हवापाण्याचं बोलायचो आणि विषय काढायच्या आत निघून यायचो. एका मित्रानं मला थेट विचारलं, "पैसे द्यायचे तर देऊ. पण तू पळायचं कशाला? पळण्याचा आणि त्या पोराच्या गोळीचा संबंध काय?" प्रश्न प्रामाणिक होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन रविवार मी तोच प्रश्न घेऊन पळालो.

आमच्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी त्यांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. साने गुरुजी तिथेच कैदेत होते, त्यांनी ती लिहून घेतली म्हणून आज आपल्याकडे आहेत. अठरा रविवार. माझ्याही वहीत अठराच रविवार होते, म्हणून मला ते आठवलं. बरोबरी करण्याची माझी प्राज्ञा नाही. पण आठवलं आणि मग पुढचंही आठवलं. त्याच माणसानं पुढे १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीपासून जमीन मागायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं पायी फिरून मागितली. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असं ते सांगायचे. दान म्हणजे वाटून घेणं, असा अर्थ लावायचे. मागताना त्यांची मान खाली नव्हती. ती कशी नव्हती, हे मला समजून घ्यायचं होतं. बसून, पत्र पाठवून त्यांना मागता आलं असतं. ते चालत गेले. का?

उत्तर मला लळिंगच्या रस्त्यावर मिळालं, कोजागरीच्या आदल्या रविवारी.

पहाटे सव्वापाच. मागून शिट्ट्यांचा आवाज आला, मग घुंगरांचा. पंधरा-वीस जण, भगवे कपडे, खांद्यावर कावडी. कोजागरीला सप्तशृंगीच्या गडावर नद्यांचं पाणी घेऊन कावडी जातात. हे शिरपूरकडचे होते, तापीचं पाणी घेऊन निघालेले. त्यांच्या चालण्याचा वेग असा, की मी पळत असूनही फार पुढे जाऊ शकत नव्हतो. त्यांच्यातल्या एकानं अहिराणीत हाळी दिली, "काब्र पयी राहिना भाऊ? कोन लागनं तुना मांगे?" का पळतोयस, मागे कोण लागलंय, असं. मी वेग कमी केला आणि चालत चालत सांगितलं. शर्यत, मुंबई, तो मुलगा, गोळी. त्याला मॅरेथॉन हा शब्द माहीत नव्हता, पण सिकलसेल माहीत होता. त्याच्या मेहुण्याच्या गावात होता. तो काही बोलला नाही. पुढे चहाच्या टपरीवर सगळे टेकले तेव्हा त्यानं कमरेची कापडी पिशवी सोडून मांडीवर ठेवली. आत चिंध्यांच्या लहान लहान पुरचुंड्या होत्या. कोणत्या घरचे किती, ते त्याला पाठ होतं. "हाई मावशीना अकरा. हाई सरपंचना एकशे एक." गडावर पेटीत टाकायला लोकांनी त्याच्या हाती दिलेले पैसे.

मी ती पिशवी कितीतरी वेळ पाहत राहिलो.

कारण ती पिशवी मला माहीत होती. माझ्या मायच्या कमरेला असायची. चैत्रात आमच्या खान्देशातून हजारो माणसं पायी गडावर जातात. सप्तशृंगीचं माहेरच हे. माय सलग नऊ वर्षं गेली, धुळ्याच्या त्या उन्हात. निघायच्या दिवशी गल्लीतल्या बायका दारात यायच्या, तिच्या कपाळाला कुंकू लावायच्या आणि हातावर पैसे ठेवायच्या. कोणाचे पाच, कोणाचे अकरा, सोबत खणाचा तुकडा. वाटीभर पिठाचं ओझं न सोसणारी माझी माय ते पैसे बिनदिक्कत घ्यायची. मान वर करून घ्यायची. तिनं ते कधीच मागितले नव्हते. ती चालली होती, म्हणून लोक तिच्या हाती पाठवत होते. ज्याला जाता येत नाही तो जाणाऱ्याजवळ देतो. त्यात देणाराही थोडा गडावर जातो.

घरी आलो तेव्हा माय देवघरापुढे होती. गुडघे गेलेत, आता चालवत नाही. मी तिला पहिल्यांदाच नीट सांगितलं की जानेवारीत मी कुठे आणि कशासाठी पळणार आहे. तोवर तिच्या लेखी ते माझं वजन कमी करायचं वेड होतं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "कोना नवस शे?" मी म्हटलं, एका पोराचा. ती उठली, डब्यातून दहाची नोट आणि रुपयाचं नाणं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "जाई राहिना तर मना बी लई जा."

त्या दुपारी मी दुसरा मेसेज लिहिला. दहा मिनिटं लागली. "मी जानेवारीत मुंबईला ४२ किलोमीटर पळत जाणार आहे. धडगावकडच्या सिकलसेलच्या मुलांसाठी ज्याला काही पाठवायचं असेल, त्यानं माझ्या हाती द्यावं. पोचवीन."

मग पैसे येऊ लागले. पण मला सांगायचं आहे ते पैशांबरोबर आलेल्या प्रश्नांविषयी. मुंबईला जायचा-राहायचा खर्च यातून करणार का? नाही, शर्यतीची फी, गाडी, बूट सगळं माझं. संस्था लहान, मॅरेथॉनच्या देणग्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून हिशेब मीच चोख ठेवला, आणि ज्याला थेट द्यायचे त्याला संस्थेचं खातं दिलं. ८०जीची करसवलत मिळेल का? मिळेल, पण जुन्या कररचनेत असाल तर, आणि २,००० च्या वर रोख दिले तर सवलत नाही. असे प्रश्न विचारणाऱ्यांचा मला आधी राग यायचा. नंतर कळलं की जो पाठवतो त्याला ते पोचतील की नाही हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. एक निवृत्त एसटी कंडक्टर लॅबमध्ये आले, चष्मा लावून माझा फेरीचा हिशेब वाचला आणि चूक काढली. "आईचं पूर्ण तिकीट का धरलं? मार्च २०२३ पासून बायांना अर्धं आहे." मी संस्थेला फोन केला. त्यांचा कागद जुना होता. तिकिटातून वाचलेले पैसे आणखी काही फेऱ्यांना पुरणार होते. कंडक्टर काकांनी ५०१ दिले, आणि पुढे दर पंधरवड्याला येऊन वही तपासली.

डिसेंबरात मी त्या गावी गेलो. त्या ओट्यावर. ते नातेवाईक केव्हाच वारले, ओट्याला आता फरशी आहे. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. मी बसलो, पाण्याचा तांब्या आला, चहा आला, आणि मी मागितलं. स्पष्ट, आडवळण न घेता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुढल्या महिन्यात पाहू भाऊ. कापूस अजून घरातच पडलाय, भावच नाही." अंगणात खरंच कापसाचा ढीग ताडपत्रीखाली होता. तेच शब्द, तोच ओटा. मी वाट पाहत राहिलो की आत काही टोचेल. टोचलं नाही. आम्ही कापसाच्या भावावर अर्धा तास बोललो. त्याच्या वडिलांच्या अंगणातही त्या जूनमध्ये असंच काही पडून असेल का, हे मी पहिल्यांदा मनात आणलं.

चौदावा रविवार सोनगीरचा होता, ३२ किलोमीटर. सोनगीरला जाऊन वळायचं आणि परतीच्या वाटेवर मित्रानं मोटारसायकलवर घ्यायचं. धुळ्याची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना खरं वाटत नाही. मे महिन्यात भाजणारं हे गाव डिसेंबरात ७-८ अंशांपर्यंत उतरतं. त्या सकाळी श्वासाची वाफ दिसत होती आणि पाय हलके होते. सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या दुकानांपर्यंत पोचलो तेव्हा कुठे ऊन आलं. इतकं छान मी कधीच पळालो नव्हतो. परतल्यावर फोन पाहिला. संस्थेच्या कार्यकर्त्याचा होता. तो मुलगा दोन दिवसांपासून दवाखान्यात होता. थंडी, अंगात कमी गेलेलं पाणी, ताप, यांतल्या कशानंही कळा उठतात. आणि सातपुड्याच्या वरच्या भागात, अक्कलकुव्याच्या डाबकडे तर हिवाळ्यात दवाचा बर्फ होतो. ज्या थंडीनं मला सोनगीरपर्यंत नेलं होतं तिनंच त्याला खाटेवर आणलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गटात सांगितलं, त्यापलीकडे काही करणं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी लॅब उघडायला गेलो तर शटरपाशी नऊ ब्लँकेटांचा गठ्ठा होता. वर चिठ्ठी, "हेही पोचव". मुलगा आठवड्यानं घरी गेला.

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून भरते आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. अंधारात सीएसएमटीपाशी उभा राहिलो तेव्हा दमट हवेनं अंग आधीच ओलं झालं होतं, धुळ्याच्या कोरड्या थंडीत घडवलेल्या शरीराला ते जड गेलं. समुद्र उजाडताना पाहिला. तिसाव्या किलोमीटरनंतर पायांतली साखर संपली, आणि पेडर रोडचा चढ आला. तिथे मी चाललो. कावडवाले चालत होते तसा, न थांबता. ४२.१९५ किलोमीटर, ५ तास ११ मिनिटं. सरकवत सरकवत पाय रेल्वे स्टेशनपर्यंत नेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो.

माय जागी होती. पहाटेचे किती तरी वाजले होते. पदक तिनं हातात घेऊन पाहिलं, जड आहे म्हणाली, आणि बाजूला ठेवलं. मग विचारलं, "पैसा दिनात का रे?"

मी म्हटलं, अजून नाही. परवा जातो.

बुधवारी लॅब बंद ठेवून नंदुरबारला गेलो. ऑनलाइन आलेले आधीच जमा झाले होते. रोखीचे १८,४११ मी पिशवीत घेऊन गेलो, वहीसकट. हिशेब सांभाळणाऱ्या मुलीनं टेबलावर ओळीनं गड्ड्या लावल्या. सगळे मिळून १,३१,९११ झाले. आमच्या सहा जणांच्या गटाचं नाव घालून एकच पावती करू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, प्रत्येकाची वेगळी हवी. तिनं वहीकडे पाहिलं, १४३ नावं होती. हसली, आणि पेन उचललं. दोन तास लागले. त्या वेळात मी बाहेर बाकावर बसलो. महिन्याचा तपासणीचा दिवस होता. पाड्यांवरून आलेल्या आया, मांडीवर लेकरं, हातात तपासणीची कार्डं. तो मुलगाही होता, निळ्या ब्लँकेटमध्ये. त्यानं मला ओळखलं. "पळून आलात का?" म्हणाला. मी हो म्हटलं. "दुखलं?" मी पुन्हा हो म्हटलं. त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि गुडघ्यावरचं ब्लँकेट थोडं माझ्या बाजूला सरकवलं.

घरी आल्यावर मायच्या नावाची पावती तिला दिली. रुपये अकरा फक्त. अक्षर लागेना तशी तिनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग देवघरात गडावरून आणलेल्या कुंकवाच्या पुड्या असतात, त्यांच्याखाली ती पावती नीट घडी करून ठेवली.